फॉन्टन शस्त्रक्रियेचे पर्याय सिम्युलेशनमध्ये कसे ताडून पाहावेत

जन्मतः हृदयाचा एकच कप्पा नीट पंप करू शकतो अशा रुग्णांवर फॉन्टन शस्त्रक्रिया करतात. तीत वरची आणि खालची महाशीर (शरीराचं अशुद्ध रक्त परत आणणाऱ्या दोन मोठ्या शिरा) थेट फुप्फुस धमन्यांना जोडतात. मधे पंप नसतो, त्यामुळे जोडाचा आकार चुकला की शिरांमधला दाब वाढतो. खालच्या शिरेचा कृत्रिम नळा वरच्या शिरेच्या अगदी समोर जोडावा, थोडा बाजूला सरकवावा की त्याला वाय आकाराच्या शाखा द्याव्यात, हा खरा प्रश्न.

सीटी किंवा एमआरआयवरून सिमव्हॅस्क्युलर या रक्तप्रवाहाच्या सॉफ्टवेअरमध्ये रक्तवाहिन्यांचं मॉडेल काढा. स्मूदिंग (पृष्ठभाग गुळगुळीत करणं) बेतानंच करा: अरुंद डावी धमनी गुळगुळीत होता होता रुंद झाली, तर पुढचे सगळे आकडे फसवे. मग मॉडेलच्या प्रती करून प्रत्येकीत फक्त जोड बदला.

रक्ताची घनता १०६० किग्रॅ/घनमीटर, श्यानता (दाटपणा) ०.००४ पास्कल-सेकंद घ्या. आत येणारा प्रवाह फेज-कॉन्ट्रास्ट एमआरआयमधून (रक्ताचा वेग मोजणाऱ्या एमआरआयमधून) मिळतो. बाहेरच्या टोकांना मात्र डाव्या-उजव्या फुप्फुसाचा वाटा ठरवून देऊ नका. जे तपासायचं, तेच आधी ठरवून टाकल्यासारखं होतं. त्याऐवजी प्रत्येक टोकाला रोध (पुढच्या रक्तवाहिन्यांचा प्रवाहाला होणारा अडथळा) द्या. तो मूळ मॉडेलवर एकदाच जुळवायचा आणि सगळ्या पर्यायांत तसाच ठेवायचा.

प्रवाहाच्या गणितासाठी ओपनफोम हा प्रोग्राम वापरत असाल तर दोन खड्डे ठरलेले. मॉडेलचा आकार साठवणारी एसटीएल फाइल मिलिमीटरमध्ये असते आणि प्रोग्राम ती मीटर समजतो. १८ मिमीचा नळा १८ मीटरचा होतो. शिवाय असंपीड्य (द्रवाची घनता बदलत नाही असं धरणाऱ्या) सॉल्व्हरमधला दाब घनतेनं भागलेला असतो, म्हणून पास्कलसाठी १०६० नं गुणा.

गणितासाठी मॉडेलचे छोटे तुकडे पाडतात, ती जाळी. ती आणखी बारीक केल्यावर ऊर्जाहानी ५ टक्क्यांहून जास्त हलली, तर आधीची जाळी भरडच होती. श्वासाबरोबर प्रवाह बदलतो. पूर्ण श्वासचक्रं चालवा, सुरुवातीची काही टाकून द्या.

ऊर्जाहानी म्हणजे आत येणाऱ्या टोकांवरच्या (एकूण दाब, म्हणजे स्थिर दाब अधिक वेगामुळे येणारा दाब, × प्रवाह) बेरजेतून बाहेरच्या टोकांची बेरीज वजा. अंदाज असावा म्हणून: मिनिटाला ३ लिटर प्रवाह आणि १ मिमी पारा घट म्हणजे सुमारे ६.७ मिलिवॅट. व्यायामासाठी दुप्पट प्रवाहावरही चालवा. पर्यायांचा क्रम तिथे उलटू शकतो.

पण कमी हानी म्हणजे चांगला पर्याय, असं थेट नाही. खालच्या शिरेतून येणारं यकृताचं रक्त एखाद्या फुप्फुसात पोचलंच नाही, तर तिथे धमनी-शिरांच्या विकृत गाठी होतात. म्हणून सिम्युलेशनमध्ये खालच्या शिरेत आभासी कण सोडा आणि कुठल्या बाजूला किती गेले ते मोजा. कण वेगाच्या प्रमाणात सोडायचे. सगळीकडे सारखे सोडले तर भिंतीलगतच्या संथ रक्ताला फाजील महत्त्व मिळतं.

शेवटी नळा २ मिमी इकडेतिकडे सरकवून पुन्हा चालवा. टाके घालताना एवढा फरक पडतोच, आणि तेवढ्यानं निकाल फिरला तर तो पर्याय सर्जनला सुचवू नका.