कोडिंग आणि एसक्यूएल इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस: तोंड बंद ठेवून प्रश्न सोडवू नका

नागपुरात प्लेसमेंटचा सीझन आला की कॉलेजचे पोट्टे-पोट्ट्या एकच गोष्ट विचारून राहतात, दादा किती प्रश्न सोडवले म्हणजे इंटरव्ह्यू निघेल? कोणी दोनशे सांगतं कोणी पाचशे. मी ज्युनियर लोकांचे मॉक इंटरव्ह्यू घेत असतो आणि मला आकड्याचा फारसा फरक दिसत नाही. ज्यांनी ढीगभर सोडवले ते पण अडकतात, कारण घरी प्रॅक्टिस होते ती गुपचूप, स्क्रीनकडे पाहत, लाल आलं की काहीतरी बदल पुन्हा रन कर, हिरवं झालं की पुढचा प्रश्न. इंटरव्ह्यूत रन बटण बरेचदा नसतंच, साधं डॉक्युमेंट उघडून देतात नाहीतर कागद देतात, आणि समोरचा माणूस मधेच विचारतो की हे असं काहून केलं. तिथं आवाज बसतो.

पहिला राउंड ऑनलाइन टेस्टचा असतो, टीसीएसच्या एनक्यूटीसारखा, तिथं स्पीड लागते आणि मशीनशीच काम असतं, ते ठीक. पण त्याच्या पुढं माणूस बसला आहे. म्हणून माझा सगळा जोर दोन सवयींवर आहे: रन करायच्या आधी छोट्या डेटावर हातानं चालवून पाहा, आणि चालवताना तोंडानं बोला. बाकी सगळं ह्याच्या मागून येतं.

आधी एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, घेतो कारण त्याला लोक हलक्यात घेतात. जॉइन (दोन टेबल जोडणं) येतात ना, झालं, असं म्हणतात आणि मग पहिल्याच नल, म्हणजे रिकाम्या, व्हॅल्यूला गडबडतात.

लॅपटॉप जुना असेल तर एसक्यूलाइट हा डेटाबेस टाका, एकदम हलकं आहे. नाहीतर मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस, दोन्ही फुकट. मायएसक्यूएल घेत असाल तर ८.० किंवा त्याच्या पुढचं व्हर्जन घ्या, ५.७ मध्ये विंडो फंक्शन (ओळींना नंबर, रँक देणारी) नाहीत आणि इंटरव्ह्यूत ते हमखास विचारतात. लीटकोड आणि हॅकररँक ह्या प्रॅक्टिसच्या साइटवर एसक्यूएलचे प्रश्न आहेत ते कराच, पण त्याच्या आधी स्वतःचं एक टेबल बनवा. दुसऱ्याच्या डेटात कुठं खड्डा आहे ते आपल्याला दिसत नाही, स्वतः टाकलेल्या खड्ड्यात उत्तर काय यायला पाह्यजे ते आधीच माहीत असतं.

मी कळमना मार्केटची संत्र्याची आवक घेतो, आपल्याकडं कोणालाच समजावून सांगावी लागत नाही. दोन टेबल. पहिलं शेतकरी: १ आणि २ नंबर काटोलचे, ३ नंबर नरखेडचा, ४ नंबर कळमेश्वरचा. दुसरं आवक, त्यात सहा ओळी, आयडी, शेतकरी, क्रेट आणि भाव:

आयडी १: शेतकरी १, २० क्रेट, भाव ५००
आयडी २: शेतकरी १, ३० क्रेट, भाव ४५०
आयडी ३: शेतकरी २, १० क्रेट, भाव ५००
आयडी ४: शेतकरी ३, ४० क्रेट, भाव नल, अजून ठरला नाही
आयडी ५: शेतकरी ३, २५ क्रेट, भाव ४५०
आयडी ६: शेतकरी नल, नाव लिहायचं राहिलं, १५ क्रेट, भाव ४००

कळमेश्वरवाल्याचा माल आलाच नाही. एवढ्या सहा ओळीत इंटरव्ह्यूचे निम्मे सापळे बसतात, पाहा कसे.

तालुकावार एकूण क्रेट काढा. कागदावर काढलं तर काटोल ६०, नरखेड ६५. साधा इनर जॉइन, म्हणजे दोन्हीकडं जुळणाऱ्याच ओळी, लावला तर कळमेश्वर गायबच होतो, आणि समोरचा विचारणार की ज्याचा माल नाही आला तो तालुका पण दाखवा. मग शेतकरी टेबलापासून लेफ्ट जॉइन, म्हणजे डावीकडच्या टेबलाच्या सगळ्या ओळी राहतात. आता कळमेश्वरची बेरीज शून्य येत नाही, नल येते, त्याला नलच्या जागी दुसरी किंमत टाकणारं फंक्शन कोअ‍ॅलेस लावून शून्य करावं लागतं. आणि बेरजेऐवजी आवक किती वेळा झाली असं विचारलं आणि तुम्ही काउंट स्टार लिहिलं तर कळमेश्वरला १ येईल, कारण लेफ्ट जॉइनमध्ये त्याची एक ओळ राहतेच, उजवीकडचे कॉलम रिकामे असले तरी. काउंटमध्ये आवकेचा आयडी द्या मग बरोबर ० येतं. ही चूक रन करून पकडता येत नाही, क्वेरी मस्त चालते आणि आकडा खोटा येतो, म्हणून तर आधी हातानं उत्तर काढा म्हणतो.

लेफ्ट जॉइनचीच अजून एक गोष्ट. भाव ४५० च्या वर असलेलीच आवक मोजा पण तालुके सगळे दाखवा असं म्हटलं आणि भावाची अट व्हेअरमध्ये टाकली, तर नल असलेल्या ओळी उडतात आणि तुमचा लेफ्ट जॉइन इनर जॉइन होऊन बसतो. अट जॉइनच्या ऑनमध्ये टाका.

आता ज्याचा माल आला नाही तो शेतकरी शोधा. बहुतेक जण नॉट इन लिहितात, आवकेतल्या शेतकरी नंबरांमध्ये नाही असा. रन करा, उत्तर रिकामं येतं, एकही ओळ नाही! सहाव्या ओळीत शेतकरी नल आहे म्हणून. डेटाबेसला ४ हा त्या नलच्या बरोबर आहे की नाही हे ठरवताच येत नाही, खरं पण नाही खोटं पण नाही, अननोन, आणि व्हेअर फक्त खऱ्या ओळी पुढं सोडतो. नॉट एक्झिस्ट्स लिहा नाहीतर लेफ्ट जॉइन करून इज नल तपासा, कळमेश्वरवाला बरोबर सापडतो. इंटरव्ह्यूत हे कारणासकट सांगता आलं तर पुढचे बरेच प्रश्न समोरचा स्वतःहून सोडून देतो असं मी पाहिलं आहे.

आणि तो सगळीकडचा प्रश्न, दुसरा सर्वात मोठा पगार, आपल्याकडं दुसरा सर्वात मोठा भाव. डोळ्यांनी पाहिलं तर ४५०. रो नंबर लावला तर दुसऱ्या नंबरवर पुन्हा ५०० च येतो कारण ५०० दोनदा आहे. रँक लावला तर दोन्ही ५०० ला १, दोन्ही ४५० ला ३, म्हणजे २ नंबर कोणालाच नाही आणि उत्तर रिकामं. डेन्स रँक लावला तर ४५० ला २ मिळतो. तिघांमधला फरक पुस्तकात वाचून दोन दिवसात विसरायला होते, ह्या ओळींवर एकदा चालवला की विसरत नाही. पण आधी नल भाव गाळून घ्या, कारण पोस्टग्रेस उतरत्या क्रमात नलला सर्वात वर ठेवतो आणि मायएसक्यूएल सर्वात खाली, म्हणजे वेगवेगळे भाव उतरत्या क्रमानं लावून दुसरा उचलणारी डिस्टिंक्ट आणि ऑफसेटवाली एकच क्वेरी मायएसक्यूएलवर ४५० देईल आणि पोस्टग्रेसवर ५००. कोणता डेटाबेस धरू हे विचारायला लाजू नका, हा चांगला प्रश्न आहे.

सरासरी भाव विचारला तर आधी उलट विचारा की कोणती सरासरी. साधं अ‍ॅव्हरेज नलला मोजतच नाही, पाच भावांची बेरीज २३०० भागिले ५ म्हणजे ४६०. पण व्यापारी जो भाव मोजतो तो क्रेटच्या हिशोबानं, ४५७५० रुपये भागिले १०० क्रेट, चारशे साडेसत्तावन्न म्हणजे ४५७.५०. भाव न ठरलेले ४० क्रेट त्यात धरायचे नाहीत. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, प्रश्न कोणता होता ते महत्त्वाचं, आणि ते विचारणारा माणूस कामावर पण विचारेल हे इंटरव्ह्यू घेणाऱ्याला कळते.

एक क्रम मात्र तोंडपाठच करा: फ्रॉम आणि जॉइन, मग व्हेअर, ग्रुप बाय, हॅविंग, सिलेक्ट, ऑर्डर बाय, शेवटी लिमिट. क्वेरी लिहितो सिलेक्टपासून पण अर्थ लावायचा ह्या क्रमानं. सिलेक्टमध्ये दिलेलं टोपणनाव व्हेअरमध्ये काहून चालत नाही, बेरजेवरची अट हॅविंगमध्येच काहून, विंडो फंक्शनवर फिल्टर लावायला बाहेरून अजून एक क्वेरी काहून गुंडाळावी लागते, तिन्हीचं उत्तर ह्या एका ओळीत आहे. इंडेक्सबद्दल (ओळी लवकर शोधायची सूची) फ्रेशरला खोलात नाही नेत, एवढं सांगता आलं पाह्यजे की तारखेच्या कॉलमवर इयर फंक्शन लावून २०२४ शोधलं तर साधा इंडेक्स कामी येत नाही, त्याऐवजी १ जानेवारी २०२४ पासून १ जानेवारी २०२५ च्या आधीपर्यंत अशी रेंज द्या. डेटाबेस क्वेरी कशी चालवणार ते दाखवणारं एक्सप्लेन लावून दोन्ही प्लॅन पाहून घ्या.

आता कोडिंग. इथं पण तेच सहा आकडे घेतो, २०, ३०, १०, ४०, २५, १५, समजा सहा दिवसांचे क्रेट. लागोपाठच्या तीन दिवसांची सर्वात मोठी बेरीज काढा. कागदावर: ६०, ८०, ७५, ८०. उत्तर ८०, आणि ते दोनदा येतं, म्हणजे कोड लिहायच्या आधीच तुम्हाला विचारता येते की कुठले दिवस पाह्यजे, पहिले की शेवटचे. आधी सरळ पद्धत तोंडानं सांगा, प्रत्येक जागेपासून तीन आकडे मिळवतो. मग सुधारा: ६० मधून २० काढले, ४० घातले, ८० झाले, पुन्हा तीन आकडे मिळवायची गरजच नाही. ह्यालाच स्लायडिंग विंडो म्हणतात पण नाव नंतर घेतलं तरी चालते, आधी ते काढणं आणि घालणं सांगा.

तोच अ‍ॅरे, म्हणजे आकड्यांची तीच यादी, बेरीज ५० होईल अशी जोडी शोधा. २० आणि ३० आहे, १० आणि ४० आहे. सापळा २५ वर आहे, सगळे आकडे आधीच हॅशमॅपमध्ये, म्हणजे आकडा लगेच सापडेल अशा साठ्यात, भरून मग शोधलं तर २५ ला स्वतःच जोडीदार म्हणून सापडतो, आणि २५ तर एकच आहे. आधी शोधा, मग आत टाका.

प्रश्नाखाली लिहिलेली मर्यादा वाचायची सवय लावा, ती फुकटची हिंट असते. लांबी १ लाखापर्यंत असेल तर एकात एक दोन लूप म्हणजे १ हजार कोटी फेऱ्या, सेकंदाला साधारण १० कोटी साध्या फेऱ्या धरल्या तरी होत नाही, म्हणजे एका फेरीत किंवा सॉर्ट करून करायचं आहे. लांबी हजारच असेल तर दोन लूप खुशाल चालवा. बायनरी सर्च (सॉर्ट केलेल्या यादीत दरवेळी अर्धा भाग सोडत शोधणं) लिहिताना लो आणि हाय ह्या दोन टोकांमधल्या जागेचा नंबर काढायला लो अधिक हाय भागिले दोन लिहू नका, जावात इंट २१४७४८३६४७ च्या वर गेला की निगेटिव्ह होते. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत हा बग कित्येक वर्षं पडून होता आणि २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी तो लिहून सांगितला. लो मध्ये दोघांच्या फरकाचा अर्धा मिळवा. पायथनवाल्यांना ही भानगड नाही, त्यांना रिकर्शनची, म्हणजे फंक्शननं स्वतःलाच बोलावण्याची, काळजी, डीफॉल्ट मर्यादा १००० आहे.

विषयांचा क्रम माझ्या मते असा: अ‍ॅरे आणि स्ट्रिंग, हॅशमॅप, टू पॉइंटर, स्टॅक, बायनरी सर्च, मग लिंक्ड लिस्ट आणि ट्री. डायनॅमिक प्रोग्रामिंग शेवटी. पोट्टे उलटं करतात, सर्वात अवघड आधी उघडतात आणि कंसाच्या जोड्या जुळवायचा साधा स्टॅकचा प्रश्न आला की अडतात.

आता बोलायचं. खूप जण अभ्यासिकेत बसून तयारी करून राहिले, शिस्त चांगली लागते तिथं, पण आजूबाजूला एमपीएससीवाले बसलेले असतात आणि ओठ हलवायची पण सोय नाही. सोडवायला तिथं बसा, बोलायला बाहेर या. संध्याकाळी अंबाझरी नाहीतर फुटाळा तलावावर एखादा दोस्त घेऊन जा, वही घ्या, लॅपटॉप नको. एकानं प्रश्न द्यायचा, दुसऱ्यानं कागदावर लिहीत लिहीत बोलायचं, आणि प्रश्न देणाऱ्याचं काम हे की दर थोड्या वेळानं विचारायचं, ही ओळ काहून? नल आला तर? अ‍ॅरे रिकामा असला तर? अर्धा तास एकाचा, अर्धा तास दुसऱ्याचा. दोस्त कोडिंगवाला नसला तरी चालते, त्याला समजलं नाही तिथं तुमचं बोलणं तुटलं आहे एवढं तर कळतेच.

पहिल्यांदा मराठीतच बोला. मराठी मीडियमचे, काटोल-सावनेर-उमरेडवरून आलेले हुशार लोक मी फक्त इंग्रजीच्या धाकानं गप्प बसलेले पाहिले आहेत आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण लॉजिक त्यांचं पक्कं असतं. लॉजिक मराठीत सुसूत्र आलं की मग तेच इंग्रजीत पुन्हा सांगा, छोटी छोटी वाक्यं, मी आधी सॉर्ट करतो, मग दोन टोकांपासून आत येतो, एवढीच. मिहानमध्ये काय, परसोडीच्या आयटी पार्कमध्ये काय नाहीतर पुण्यावरून व्हिडिओ कॉलवर काय, इंटरव्ह्यू घेणारा भाषणाचे मार्क देत नाही, त्याला पायऱ्या ऐकायच्या असतात.

अडकलात तर किमान वीस मिनिटं उत्तर उघडू नका. उघडलंच तर वाचून बंद करा आणि कोऱ्या पानावर स्वतः लिहा, कॉपी करून पास झालेला प्रश्न मोजू नका. एक वही ठेवा, त्यात पूर्ण कोड नको, फक्त प्रश्नाचं नाव आणि कुठं अडलं ते एका ओळीत: नल विसरलो, तोच आकडा दोनदा धरला, अट ऑनऐवजी व्हेअरमध्ये टाकली. रविवारी त्या वहीतलेच प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा घ्या, नवीन प्रश्न त्या दिवशी नाही. जो न अडखळता बोलून झाला तो खोडा, जो नाही झाला तो पुढच्या रविवारी परत.