ट्रक-ट्रेलर परराज्यात पाठवताय? नोंदणी आणि परमिटच्या या चुका टाळा

हद्दीवर अडकलेल्या ट्रकमध्ये कागदांची टंचाई क्वचितच असते. आरसी (नोंदणी प्रमाणपत्र), विमा, पीयूसी, फिटनेस, परमिट, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेलं असतं. अडतं कुठे, तर एक कागद दुसऱ्याशी जुळत नाही किंवा कागद गाडीशी जुळत नाही. आणि आता पिशवी उघडायच्या आधीच गाडीचा नंबर मशीनमध्ये टाकला जातो. सरकारच्या ‘वाहन’ या ऑनलाइन नोंदींच्या प्रणालीत जे दिसेल ते खरं.

परमिट आहे, ऑथोरायझेशन नाही

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हा. नॅशनल परमिट, म्हणजे राज्याबाहेर माल नेण्याचा परवाना, पाच वर्षांचं असतं. पण परराज्यात फिरायची मुभा मिळते ती ऑथोरायझेशनमुळे, आणि त्याची मुदत एकच वर्ष. दरवर्षी १६,५०० रुपये एकत्रित फी आणि आपल्या राज्याची १,००० रुपये ऑथोरायझेशन फी भरावी लागते. २०१० पासून ही एकत्रित फीची पद्धत आहे, त्यामुळे आता राज्यागणिक वेगळी रक्कम भरावी लागत नाही.

मेख अशी, की ऑथोरायझेशन संपलं तरी आपल्या राज्यात काही अडत नाही. गाडी भिवंडी-नागपूर फेऱ्या मारत राहते, मालक निर्धास्त. मग एक दिवस इंदूरचं भाडं मिळतं आणि मध्य प्रदेशच्या हद्दीवरचं हाडाखेड ओलांडल्यावर उलगडा होतो. परमिटशिवाय किंवा परमिटच्या अटी मोडून गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ खाली १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मोबाइलमध्ये दोन वेगळ्या आठवणी लावा, एक ऑथोरायझेशनची, दुसरी परमिटची. मूळ परमिटच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान १५ दिवस आधी गेला पाहिजे.

गाडीच्या वयाकडेही बघा. दोन ॲक्सलच्या साध्या ट्रकला १२ वर्षांपर्यंत आणि मल्टिॲक्सलला (दोनपेक्षा जास्त ॲक्सलच्या गाडीला) १५ वर्षांपर्यंतच नॅशनल परमिट मिळतं. अकरा वर्षांचा, दोन ॲक्सलचा ट्रक ‘परमिट अजून चार वर्षं आहे’ म्हणून चढ्या भावाने गळ्यात मारणारे बाजारात आहेत.

उलट बाजूही सांगायला हवी. जीव्हीडब्ल्यू (मालासह गाडीचं एकूण वजन) ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परमिटच लागत नाही. तरी छोटा हत्तीवाले (छोटे टेम्पो चालवणारे) परमिटच्या नावाखाली एजंटला पैसे देताना दिसतात.

परतीच्या भाड्याचा मोह

नाशिकचा कांदा बंगळुरूला उतरवला. परतीचा माल थेट कोल्हापूरचा मिळेना, म्हणून बंगळुरूहून हुबळीचं भाडं धरलं. इथे चूक झाली. नॅशनल परमिटवर दुसऱ्या राज्यात माल भरून त्याच राज्यात उतरवता येत नाही. ही मुभा फक्त गाडीच्या स्वतःच्या राज्यात आहे. बंगळुरू-कोल्हापूर चालेल, बंगळुरू-हुबळी नाही.

नागालँड पासिंगच्या गाड्यांचं दुखणं हेच. कमी कर पडतो म्हणून एनएल नंबर घेतलेले ट्रेलर देशभर दिसतात. लांब पल्ल्याला ते ठीक. पण तशी गाडी घेऊन पुणे-नागपूर नियमित काम करायचं म्हटलं, तर तिच्या दृष्टीने महाराष्ट्र हे परराज्य आहे आणि प्रत्येक फेरी नियमबाह्य. शिवाय गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली, तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) लागते, म्हणजे फॉर्म २८. कर्ज असेल तर फायनान्सरची संमतीही लागते. अशी गाडी विकत घेत असाल, तर तिच्यावर ई-चलन थकलेलं नाही ना, हे टोकन (आगाऊ रक्कम) द्यायच्या आधी तपासा.

ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी

घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) नवा, कागद चोख, आणि मागचा ट्रेलर कुणाचा ते कुणालाच ठाऊक नाही, असं न्हावा-शेवाच्या रस्त्यावर सर्रास दिसतं. कायद्याने ट्रेलर हेही मोटार वाहन आहे. त्याची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा. ट्रेलरचा स्वतःचा नंबर बाजूला आणि ओढणाऱ्या घोड्याचा नंबर मागे असायला हवा. घाईत घोडा बदलतो, मागची पाटी तशीच राहते, आणि कॅमेऱ्यात टिपलेलं चलन भलत्याच मालकाच्या नावावर जातं. जोड्या बदलत्या ठेवणार असाल, तर मागची पाटी बदलूनच गेटबाहेर पडायचं, ही शिस्त ड्रायव्हरला लावा. नॅशनल परमिटची ‘एन/पी’ ही अक्षरंही ट्रेलरच्या मागे आणि डाव्या बाजूला हवीत.

विम्याच्या पॉलिसीत ट्रेलरचा उल्लेख आहे का, हे आजच उघडून बघा. फक्त घोड्याचा विमा असेल, तर अपघातानंतर दाव्यावरून वाद ठरलेला.

वजनाचा घोळ याहून मोठा. २०१८ मध्ये ॲक्सलच्या मर्यादा वाढल्या. दोन ॲक्सलचा ट्रक १६.२ वरून १८.५ टनांवर गेला आणि तीन ॲक्सलचा २५ वरून २८.५ वर. मोठ्या ट्रॅक्टर-ट्रेलरची कमाल मर्यादा ५५ टन झाली. हे आकडे ऐकून जुन्या गाडीत जादा माल भरू नका. वजनकाट्यावर तुलना होते ती तुमच्या आरसीत लिहिलेल्या जीव्हीडब्ल्यूशी. ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. जादा माल स्वखर्चाने उतरवावा लागतो तो वेगळाच. काट्यावर जायला नकार दिला तर दंड ४०,००० रुपये.

बॉडीचं थोडक्यात: नोंदणीनंतर फाळका उंच केला, मागे दोन फूट वाढवले, तर आरसीतली मापं खोटी ठरतात. आधी परवानगी, मग वेल्डिंग.

आरसी नावावर, परमिट जुन्याच्या नावावर

जुना ट्रक घेतल्यावर आरसी बदलते आणि लोक तिथेच थांबतात. परमिट आपोआप हस्तांतरित होत नाही, त्याला परिवहन प्राधिकरणाची वेगळी परवानगी लागते. ‘वाहन’मधला मोबाइल नंबरही बदलून घ्या, नाहीतर प्रत्येक ओटीपीसाठी जुन्या मालकाच्या विनवण्या.

मालकाचं निधन झालं, तर वारसाला ते परमिट तीन महिने वापरता येतं. मात्र ३० दिवसांत प्राधिकरणाला कळवावं लागतं आणि त्या तीन महिन्यांतच हस्तांतराचा अर्जही करावा लागतो. दुःखात हे राहून जातं, आणि गाडी चालू असल्याने घरात कुणाच्या लक्षातही येत नाही.

पैसे कापले, पावती नाही

ऑनलाइन फी भरताना हे होतंच. लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी पोर्टलवर अडकलेल्या व्यवहाराची स्थिती तपासा. बँकेकडून रक्कम पोहोचली असेल, तर पावती तिथूनच निघते. तिथेही अडलं, तर व्यवहार क्रमांक आणि बँकेचं विवरण घेऊन आरटीओत जा. खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज हद्दीवर कुणी मान्य करत नाही, म्हणून ऑथोरायझेशन प्रणालीत दिसेपर्यंत गाडीत परराज्याचा माल भरू नका.