टपाली युद्धखेळाचा नवा डाव: अंतर घरांत नाही, चालींत मोजा

टपालाने किंवा ईमेलने खेळायच्या युद्धखेळात चाल पंधरवड्याला एकच. नकाशावर जवळ दिसणारी दोन राज्यं नवव्या चालीत भिडली, तर पहिल्या लढाईला चार महिने लागतात. तोवर निम्मे खेळाडू चालींचे हुकूम पाठवणंच बंद करतात. माझ्या पहिल्या डावात बुटक्यांचा राजा डोंगरात असाच बसून राहिला.

आता नकाशा पक्का करण्याआधी एक संध्याकाळ डाळी घेऊन बसतो.

१. षटकोनी घरांचा नकाशा छापा. प्रत्येक घरात पेन्सिलीने चालण्याचा खर्च लिहा. माझ्याकडे मैदान १, जंगल २, डोंगर ३. फौजेला दर चालीला खर्चायला ४ गुण.

२. प्रत्येक राजधानीपासून सर्वांत वेगवान फौज (बहुधा घोडदळ) पहिल्या चालीत जिथवर पोचेल तिथे तूरडाळ ठेवा, दुसरीला मूग, तिसरीला चवळी.

३. शेजाऱ्यांच्या चवळ्या एकमेकींना टेकल्या की अंतर बरोबर. मूगच एकमेकांना टेकले तर राज्यं फार जवळ, मध्ये नदी किंवा डोंगर घाला. चवळ्याही टेकल्या नाहीत तर राजधानी सरकवण्यापेक्षा मधोमध सोन्याची खाण किंवा बेवारस गाव ठेवा, दोघंही आपणहून धावत येतात.

कोपऱ्यातल्या राज्याला एकच शेजारी मिळतो. त्याला थोडा जास्त महसूल द्या.

उडते ड्रॅगन आणि जागा बदलायचे मंत्र मात्र या डाळींना जुमानत नाहीत. ते पहिल्या चार चालींत वापरता येणार नाहीत, असं नियमातच लिहून टाका.