बे एरियात कुत्रं पाळताय? वाळलेल्या गवतावर नजर ठेवा

पुण्या-मुंबईहून नुकतेच आला असाल, तर कुत्र्याच्या काळजीचं जुनं वेळापत्रक आधी डोक्यातून काढा. इथे, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च पडतो, आणि मेपासून पुढचे चार-पाच महिने जवळजवळ कोरडे जातात. याच कोरड्या दिवसांत सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट नवख्या माणसाला धोक्याची वाटतही नाही. ती म्हणजे कुसळं.

एप्रिलपर्यंत हिरव्या असलेल्या टेकड्या मेमध्ये सोनेरी होतात. फोटोला सुंदर, पण त्या रंगात रानजवासारखी गवतं वाळून ओंब्या सुटायला लागलेल्या असतात. एक कुसळ हातात घेऊन बघा. टोचणाऱ्या टोकाकडून मागे बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं, उलट फिरवलं की अडकतं. म्हणूनच कातडीत शिरलेलं कुसळ मागे येत नाही, पुढेच सरकत जातं. एक्स-रेतही ते सहसा दिसत नाही.

मिशन पीकच्या टेकडीवरच जायला हवं असं नाही, फ्रीमाँट-सनीव्हेलच्या फुटपाथकडेलाही हे गवत असतं. फिरून आल्यावर दारातच कुत्र्याला आडवं करा. पंजाची बोटं एकेक करून फाकवा, मधले केस चाचपा, मग कानांच्या आत, काखेत आणि शेपटीखाली बघा. केसाळ जातीचं असेल तर उन्हाळाभर पंजांचे केस बारीक कापून ठेवा. अचानक एकामागून एक जोरात शिंका, मान एका बाजूला कलणं, एकच पंजा सतत चाटणं, यांपैकी काही दिसलं तर उद्यावर टाकू नका. नाकात किंवा कानात गेलेलं कुसळ घरी चिमट्याने ओढू नका, व्हेट, म्हणजे प्राण्यांचे डॉक्टर, ते सहसा कुत्र्याला गुंगी देऊनच काढतात.

याच महिन्यांत रॅटलस्नेकही बाहेर असतात. ते दरवेळी खुळखुळा वाजवून सावध करतीलच असं नाही, त्यामुळे ट्रेलवर पट्टा सोडू नका. साप चावलाच तर कापणं, बांधणं, बर्फ लावणं यातलं काहीही न करता कुत्र्याला उचलून गाडीत घाला. विषावरचं औषध कोणत्या इमर्जन्सी व्हेटकडे असतं, हे आजच फोन करून विचारून ठेवा.

गाडीत कुत्रं सोडून 'पाच मिनिटांत' दुकानात जाऊ नका. बाहेर २४ अंश असताना बंद गाडीत १० मिनिटांत ३४ च्या आसपास होतात, आणि जीव धोक्यात येईल असं कुत्रं गाडीत सोडणं कॅलिफोर्नियात गुन्हाही आहे. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता आली नाही, तर फिरणं संध्याकाळवर ढकला. वणव्यांचा धूर आला की हवेच्या प्रदूषणाचा आकडा (एक्यूआय) बघा. १५० च्या वर असेल तर फक्त शी-शू उरकून परत या. तळ्यावर निळ्या-हिरव्या शेवाळाची पाटी असेल, तर कुत्र्याला पाण्याला तोंडही लावू देऊ नका.

चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, फटाक्यांना घाबरून पुष्कळ कुत्री पळतात. भारतातून आणलेल्या कुत्र्याच्या मायक्रोचिपच्या नोंदीत बऱ्याचदा अजून तिकडचाच फोन नंबर असतो, तो आधी बदलून घ्या.

पाऊस सुरू झाला म्हणून निर्धास्त होऊ नका. पूर्ण वाढलेल्या गोचिडी इथे ऑक्टोबर ते मे फिरतात. ओकच्या झाडांखाली डेथ कॅप नावाची फिकट, हिरवट-पिवळी छत्रीची अळंबी उगवतात. ती खाल्ल्यावर काही तास काहीच दिसत नाही, मग उलट्या-जुलाब होतात, मध्ये बरं वाटल्यासारखं होतं आणि तोवर यकृत निकामी होत असतं. म्हणून लक्षणांची वाट न बघता व्हेटकडे निघा, उरलेला तुकडा पिशवीत घ्या. शेजारच्या बागेत गोगलगायींचं विष टाकलंय का, तेही विचारा, संकोच नको.

आणि दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलं की फराळाचं ताट उंचावर ठेवा. लाडवातले बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, आणि किती खाल्ले तर चालतील याचा भरवसा नाही. कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं च्युइंगगमही तितकंच वाईट. काही खाल्ल्याची शंका आली तर एएसपीसीए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेची विषबाधा हेल्पलाइन ८८८-४२६-४४३५ दिवसरात्र चालू असते. फी लागू शकते, तरी फोन करा. काय खाल्लं, किती, केव्हा आणि कुत्र्याचं वजन, एवढं आधी कागदावर लिहून घ्या.