शाफ्टचा बुश बदलताय? या चुका टाळा

मे महिन्यात कोयना धरणाच्या शिवसागराचं पाणी उतरलं की बामणोली-तापोळ्याकडे बोटी काठावर ओढून कामाला घेतात. मग माझा फोन सुरू होतो. नवा बुश टाकला, तरी बोट थरथरतेय. दरवर्षी हेच. बुश क्वचितच वाईट निघतो, बसवणाऱ्याची घाई नडते.

इंजिनाची ताकद पंख्यापर्यंत नेणारा दांडा म्हणजे शाफ्ट. पंख्याजवळ त्याला आधार देणारा हा बुश म्हणजे बाहेरून पितळी नळी आणि आत लांब खाचा पाडलेलं रबर. त्या खाचांतून फिरणारं पाणी हेच त्याचं वंगण. शिडाच्या बोटीतल्या शाफ्टवाल्या इंजिनालाही बहुतेक हाच असतो. पंखा हातात धरून वर-खाली हलवा. एक इंची शाफ्टला दीड मिलिमीटरच्या आसपास प्ले (ढिलेपणा) आला असेल, तर बुश संपला.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे काठावरच अलाइनमेंट (इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं) करून मोकळं होणं. मी स्वतः हे भोगलंय. एका वर्षी उन्हाळ्यात बुश बदलला, बोट ओंडक्यांवर असतानाच इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या चकत्या, म्हणजे कपलिंग, जुळवलं. फट मोजायच्या फिलर गेजचं 0.1 मिलिमीटरचं पान कुठेच शिरेना, म्हणून खूश होतो. पाणी भरलं, बोट उतरवली. दिवाळीच्या सुट्टीत वासोटा किल्ल्याला जाणारी माणसं घेऊन मेट इंदवलीला निघालो, तर अर्ध्या वाटेत पायाखालची फळी गुणगुणायला लागली. तिसऱ्या आठवड्यात बुश काढला. एका बाजूचं रबर पार झिजलेलं आणि शाफ्टवर त्याच जागी बोटाला लागेल अशी रेघ. मग बोट पाण्यात ठेवूनच कपलिंगचे बोल्ट सोडले आणि गेज घातलं. वर काहीच फट नाही, खाली 0.4! ओंडक्यांवर बोटीचा तळ दबतो, पाण्यात तो आपल्या मूळ आकारात येतो, आणि त्याच्याबरोबर इंजिन-शाफ्टची रेषाही हलते. ऐन हंगामातले आठ दिवस बोट बांधून ठेवावी लागली, त्याची हळहळ अजून जात नाही.

तेव्हापासून बोट पाण्यात एक रात्र राहिल्याशिवाय मी कपलिंगचे बोल्ट आवळत नाही. वर, खाली, दोन्ही बाजूंना गेज लावतो, मग शाफ्ट अर्धा फेरा फिरवून पुन्हा. चार इंची कपलिंगला 0.1 च्या वर फट दिसली की इंजिनाच्या पायाखालचे पॅकिंग बदलत बसायचं. दुपार जाते. जाऊ द्या.

दुसरी चूक नवशिक्या पोरांची. बुश बसला की "जरा बघू" म्हणून कोरड्यावर इंजिन चालू करून गिअर टाकतात. पाणी नाही म्हणजे वंगण नाही. थोड्याच वेळात जळक्या रबराचा वास येतो आणि नवा बुश गेला. शाफ्ट हाताने फिरवून बघा, तेवढं पुरतं.

जुना बुश हातोड्याने ठोकून काढू नका, बुश धरणारा ब्रॅकेट वाकतो. हॅकसॉचं पान आतून घालून पितळेला लांबीत दोन चिरा द्या. ब्रॅकेटला पान लागायच्या आत थांबा. नवा बुश थ्रेडेड रॉड, नट आणि जाड वॉशर लावून ओढून घ्या. ग्रीस नको, त्याने खाचा भरतात. साबणाचं पाणी लावा.

दुकानातून "एक इंची" म्हणून आणू नका. 25 मिलिमीटर आणि एक इंच यांत 0.4 मिलिमीटरचा फरक आहे. व्हर्निअरने शाफ्ट मोजा, तोही झिजलेल्या जागी आणि कोऱ्या जागी, दोन्हीकडे. रेघ पडली असेल तर आधी लेथवाल्याकडे. झिजक्या शाफ्टवर नवा बुश म्हणजे पैसे पाण्यात.

बुश जागेवर धरणारा छोटा ग्रब स्क्रू जिवाच्या आकांताने आवळू नका, नळी दबते आणि शाफ्ट आवळला जातो. बुशवर आधी खळगा पाडा, स्क्रूचं टोक त्यात टेकलं की बस.

आणि शाफ्ट बाहेर काढलाच आहे, तर शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या ग्लँडची डोरीही त्याच दिवशी बदला. बोट चालताना ग्लँडमधून मिनिटाला दोन-चार थेंब पडू द्या. पूर्ण कोरडं करायला ग्लँड आवळली तर ती तापते, आणि तिथेही शाफ्टला रेघ पडते.