धुराड्याभोवती वर्तुळ काढण्याआधी: रोगसमूह शोधताना या चुका टाळा

माहुल, चेंबूर, गोवंडी, देवनार. मुंबईत कुणी आजारांचा नकाशा करायला बसलं की टाचण्या तेलशुद्धीकरण कारखाने आणि कचराभूमीच्या याच पट्ट्यात टोचल्या जातात आणि आठवड्याभरात ‘क्लस्टर सापडलं’, म्हणजे एका जागी आजाराचे अपेक्षेपेक्षा जास्त रुग्ण सापडले, असा मेसेज येतो. तिथल्या लोकांचा त्रास खरा आहे, म्हणूनच ढिसाळ आकडेमोड सहन होत नाही. समोरचा वकील ती सुनावणीत फाडतो आणि मग त्या वस्तीचं वर्षानुवर्षं कुणी ऐकत नाही.

पहिली चूक: आधी रुग्ण, मग वर्तुळ. एका तरुण संशोधकाने धुराड्याजवळचे रक्ताच्या कॅन्सरचे पाच रुग्ण दाखवले. त्रिज्या ८०० मीटर. ८०० का? ‘‘त्यात पाचही बसतात.’’ भिंतीवर बाण मारून मग त्याभोवती लक्ष्य रंगवायचं, तसं हे. त्याला हिशेब करायला लावला. मुंबईत महापालिकेचे २२७ निवडणूक प्रभाग. प्रत्येकात २ रुग्ण अपेक्षित धरा. पॉयसन वितरणानुसार (विरळ घटना योगायोगाने किती वेळा घडतील हे सांगणारं गणित) एखाद्या प्रभागात निव्वळ योगायोगाने ५ किंवा जास्त रुग्ण निघण्याची शक्यता सुमारे ५ टक्के. म्हणजे प्रदूषणाचा कणही नसताना बाराएक प्रभाग भयंकर दिसणार! तो बराच वेळ गप्प होता.

माझी पद्धत ठरलेली आहे. कोणता रोग, कोणती वर्षं, अंतराचे पट्टे किती, हे नकाशा उघडण्याआधी लिहायचं, तारीख घालायची आणि कागद सहकाऱ्याकडे द्यायचा. संशयित स्रोत आधीच ठाऊक असेल तर स्टोनची १९८८ची चाचणी, जी स्रोतापासून दूर जाताना धोका घटतो का ते पाहते; नसेल तर कुलडॉर्फची स्कॅन पद्धत, जी नकाशाभर लहानमोठी वर्तुळं फिरवून पाहते, कारण अनेक वर्तुळं चाचपल्याचा हिशेब ती धरते. सॅटस्कॅन या स्कॅन पद्धतीच्या सॉफ्टवेअरमधून लाल गोल आला की लगेच पत्रकारांना फोन करणाऱ्यांची मात्र चीड येते. आधी प्रत्येक निदान आणि प्रत्येक पत्ता पुन्हा तपासा.

छेदात, म्हणजे रुग्णसंख्येला जिने भागायचं तिथे, जुनी लोकसंख्या. तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबं २०१७पासून माहुलच्या इमारतींत हलवली गेली. भागायला २०११ची जनगणना घेतली की ही नवी माणसं मोजली जात नाहीत आणि दर आपोआप फुगतो. शिवाय घन गाठींच्या कॅन्सरचा सुप्तकाळ (संपर्कापासून आजार दिसेपर्यंतचा काळ) बहुधा दहा वर्षांहून मोठा असतो. आल्याबरोबर दिसलेली गाठ तिथल्या हवेच्या माथी मारता येत नाही. दमा, खोकला, त्वचेच्या तक्रारी लवकर दिसतात आणि लवकर मोजता येतात. पण त्यांची मथळ्यात जागा नसते, म्हणून घरोघर फिरून त्या मोजायला कुणी तयार होत नाही. मला तेच काम सगळ्यात मोलाचं वाटतं.

वस्त्यांची तुलना करताना त्यांच्या वयोरचनेतला फरक हिशेबातून न काढणं. याला माफी नाही.

सगळीकडे गोल पट्टे. वारा गोल वाहत नाही. दिवसा समुद्राकडून, हिवाळ्यातल्या रात्री जमिनीकडून. दिशेनुसार विभागणी करा.

एकाच रुग्णालयाचे कागद. परळच्या टाटा रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात, आणि नोंदवलेला मुंबईचा पत्ता कित्येकदा नातेवाइकाचा असतो. शहराची लोकसंख्याधारित कॅन्सर नोंदणी, म्हणजे एका रुग्णालयाची नव्हे तर सगळ्या रहिवाशांमधल्या रुग्णांची नोंद, १९६३पासून आहे. सुरुवात तिथून करा. स्वतः मुलाखती घेणार असाल तर ‘इथे कधीपासून राहता, त्याआधी कुठे?’ हे आजाराच्याही आधी विचारा. माझ्या फॉर्मवर आधीच्या पत्त्यांसाठी अर्धं पान कोरं सोडलेलं असतं.