ताऱ्याच्या प्रतीपुढची अनिश्चितता कुठून येते

प्रकाशमापन शिकताना सुरुवातीचे काही महिने मी ताऱ्याची प्रत, म्हणजे त्याच्या तेजाचे माप, काढण्यातच रमलो होतो. तिच्यापुढची अनिश्चितता सॉफ्टवेअर दाखवील ती निमूटपणे उतरवून घेत असे. एका चलताऱ्याच्या (तेज बदलत राहणाऱ्या ताऱ्याच्या) नोंदींत ती सतत ०.००५ येत होती, पण त्याच छायाचित्रांतला तितकाच तेजस्वी स्थिर तारा मात्र त्याच्या दुपटीहून अधिक हेलकावे खात होता. चूक माझीच निघाली. कॅमेऱ्याचा गेन, म्हणजे छायाचित्रात नोंदल्या जाणाऱ्या एका काउंटमागे किती इलेक्ट्रॉन हे प्रमाण, ०.२५ होता, म्हणजे चार काउंट मिळून एक इलेक्ट्रॉन, आणि मी तो १ भरला होता. फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, सुटेसुटे आणि अनियमितपणे येत असल्यामुळे आणि टिपलेला प्रत्येक फोटॉन कॅमेऱ्यात एक इलेक्ट्रॉन मोकळा करत असल्यामुळे मोजणीतली अनिश्चितता इलेक्ट्रॉनांच्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते, काउंटच्या नव्हे. ४०,००० काउंट म्हणजे १०,०००च इलेक्ट्रॉन. त्यांचे वर्गमूळ १००, म्हणजे एक टक्का, आणि प्रतीच्या भाषेत सुमारे ०.०११.

तेजस्वी ताऱ्यांपुरता हा हिशेब पुरतो, मंद ताऱ्यांना नाही. समजा, ताऱ्याचे १,००० इलेक्ट्रॉन ८० पिक्सेलांच्या मापनवर्तुळात (ज्या वर्तुळातला प्रकाश मोजायचा, त्यात) पसरले आहेत, दर पिक्सेलला आकाशाचे ५० इलेक्ट्रॉन आहेत आणि कॅमेऱ्याचा रीड नॉइज, म्हणजे पिक्सेल वाचताना कॅमेऱ्यातूनच येणारी अनिश्चितता, ८ इलेक्ट्रॉन आहे. नॉइजची बेरीज वर्गांनी होते, म्हणून १,००० मध्ये आकाशाचे ४,००० आणि रीड नॉइजचे ५,१२० मिळवावे लागतात. वर्गमूळ जवळपास १०१ येते आणि अनिश्चितता ०.११ प्रतीवर जाते. एकट्या ताऱ्याचा विचार केला असता, तर ती ०.०३४ वाटली असती. वर्तुळ ३० पिक्सेलांवर आणल्यास ताऱ्याचा पाचवा हिस्सा प्रकाश बाहेर राहिला, तरी अनिश्चितता ०.०९ पर्यंत उतरते. प्रकाश जाणूनबुजून टाकून द्यायला नवख्याचा हात धजत नाही, माझाही धजला नव्हता. पण ज्याच्याशी ताडून प्रत काढतो, त्या तुलना ताऱ्यालाही तेच वर्तुळ लावले, की तो तोटा दोघांकडून सारखाच वजा होतो.

वातावरणामुळे होणारे लुकलुकणे आणि फ्लॅटमधले (छायाचित्रातली असमान उजळणी दुरुस्त करायला घेतलेल्या एकसारख्या प्रकाशाच्या छायाचित्रातले) दोष या सूत्रात येतच नाहीत. लहान दुर्बिणीतून थोड्या सेकंदांची छायाचित्रे घेताना तेजस्वी ताऱ्यांच्या बाबतीत लुकलुकणेच वरचढ ठरते. म्हणून मी आता प्रत्येक रात्री, चलताऱ्याच्या तेजाशी जुळणारा, पण स्वतःचे तेज न बदलणारा एक तपासणी तारा मोजतो आणि त्याच्या प्रतींचे प्रमाण विचलन सूत्राच्या उत्तराशेजारी लिहितो. दोन्हींत जे मोठे, तेच नोंदीत जाते.